ट्यूब लावली की जातं, सोडली की येतं

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"मॅडम नमस्कार. आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडला राहतो, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या जांघेत गजकर्ण झालं, मेडिकलमधून ट्यूब आणली, तीन दिवसांत गेलं आणि परत आलं. आता माझ्या कमरेला, मुलाच्या पोटाला, सासूबाईंच्या छातीखाली, सगळ्यांनाच आहे. एका स्किन क्लिनिकमध्ये गेलो तर दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन आणि एक पांढरी डबी, तिच्यावर काही नाव नाही. इंजेक्शन घेतलं की बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नणंदेचं लग्न जमवतोय, तिनं तीच ट्यूब तोंडाला लावली, महिनाभर छान उजळली, आता एक दिवस नाही लावली तर तोंड लालबुंद होतं. सासूबाई म्हणतात रक्त खराब झालंय, वांगं आणि लोणचं बंद करा. सासऱ्यांच्या दंडावर पण एक फिकट चट्टा आहे पण तो खाजत नाही म्हणून त्यांचं काही नाही. मला एकच सांगा, एकदाचं कायमचं कसं जाईल, आणि खरा स्किनचा डॉक्टर ओळखायचा कसा? राग मानू नका, तुमचं शिक्षण काय तेही लिहा."

ताई, राग कशाला येईल, हा प्रश्न लोक दारातच विचारायला लागले तर आमच्या निम्म्या केसेस बिघडायच्या आधीच हाताला लागतील. तर आधी माझं सांगते. मी सोलापूरचीच, एमबीबीएस इथंच आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजला केलं, सिव्हिलमध्ये इंटर्नशिप केली, मग बाहेर जाऊन तीन वर्षं एमडी केलं. त्या एमडीचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं आहे. तिन्ही एकत्र शिकवतात, आणि हे तिसरं का सांगतेय ते पुढं येईल. क्लिनिक साधं आहे, लेझर वगैरे नाही, बाहेर बाकड्यावर विडी कामगार बायका, लूमवरचे कामगार, शाळेतली पोरं. दुपारनंतर आठवड्यातून एखाद्या वस्तीत बसते, कधी विडी घरकुलला, कधी साखर कारखान्याकडं ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांमध्ये. माझं निम्मं काम तर लोकांच्या हातातून ट्यूब काढून घेण्याचं आहे असं मी गमतीनं म्हणते, पण ती गंमत नाहीये.

आता तुमच्या ट्यूबकडं या. तुम्ही नाव लिहिलं नाही पण मला अंदाज आहे, कारण हीच गोष्ट रोज ऐकते. आत्ता उठा आणि ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मुलाकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टिरॉइड आहे. बऱ्याचदा त्याच ट्यूबमध्ये एक बुरशीचं औषध, एक जंतूचं औषध आणि हे स्टिरॉइड असं तीन-चार गोष्टींचं कडबोळं असतं आणि त्यातलं क्लोबेटासोल तर लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. स्टिरॉइड मुळात वाईट औषध नाही हां, इसबाला, सोरायसिसला आम्हीच लिहून देतो, पण बुरशीवर ते लावणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देऊन चोराला घर मोकळं करून देणं. खाज आणि लाली ही तुमच्या अंगाची बुरशीशी चाललेली मारामारी असते, स्टिरॉइड ती मारामारी थांबवतं, बुरशीला हात लावत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी वाटतं गेलं. खाली ती आरामात पसरत असते, आणि ट्यूब सोडली की दुप्पट होऊन वर येते, गोल गोल रिंगणात आणखी रिंगण, किंवा कडा इतक्या पुसट होतात की नवीन डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

आणि जांघेतली कातडी पातळ असते, तिथं वर्षभर हे लावलं की बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे ताणाचे वळ उमटतात, लालसर, मग पांढरे. गजकर्ण बरं होतं पण हे वळ जात नाहीत. मिस्टरांना लाज वाटत असेल पण एकदा उजेडात बघायला सांगा.

२०१८ साली सरकारनं अशी लावायची स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. प्रत्यक्षात "भाऊ, खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की मिळते हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. मेडिकलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, तो गिऱ्हाइकाला हवं ते देतो, मागणारे आपणच आहोत.

पहिल्यांदा मनाची तयारी करायची. दहा-बारा वर्षांपूर्वी गजकर्ण दोन-तीन आठवड्यांच्या साध्या क्रीमनं जायचं, आता जात नाही, देशभर बुरशीच हट्टी झालीये, एक ठरावीक जात पसरलीये जिच्यातल्या काही प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही (तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, भारतावरूनच). त्यामुळं सहा ते आठ आठवडे धरून चला, कधी जास्तही. आणि ट्यूब बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढणार, तेव्हा "नवीन औषध लागू पडत नाही" म्हणून परत जुन्या ट्यूबकडं धावायचं नाही, इथंच सगळे पाय घसरतात. खाजेसाठी गोळी मिळते, ती मागून घ्या.

डॉक्टर काय करेल ते सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. कडेची थोडी साल खरवडून काचेवर घेतली, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं की बुरशीचे धागे दिसतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. मग साधं बुरशीचं क्रीम, ज्यात स्टिरॉइड नाही, आणि एवढं पसरलंय म्हणजे बहुधा पोटात घ्यायचं औषधही, इट्राकोनॅझोल किंवा तसंच काही. ते तुम्ही स्वतः मेडिकलमधून आणून खायचं नाही, कारण लिव्हर बघावं लागतं, हृदयाचा त्रास असेल तर चालत नाही, पाळी चुकली असेल किंवा दूध पाजत असाल तर ते आधी सांगावं लागतं. सासूबाईंना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी इट्राकोनॅझोलचं अजिबात पटत नाही, त्यामुळं घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा, "ती पिवळी गोळी" म्हणून आम्हाला काही कळत नाही. आणि कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर ती नीट अंगात मुरतच नाही. कितीतरी जण जेवणाआधी ॲसिडिटीची गोळी खाऊन वर ही कॅप्सूल घेतात आणि मग म्हणतात महागडं औषध वाया गेलं.

क्रीम किती लावायचं? सगळे जण कमी लावतात. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात तुमच्या दोन तळहातांएवढी जागा होते. मिस्टरांच्या दोन्ही जांघा आणि कंबर मिळून आठ तळहात धरा, म्हणजे एका वेळेला दोन ग्रॅम, दोनदा लावलं की चार, मग ३० ग्रॅमची ट्यूब आठवड्यातच संपणार. ती दोन महिने पुरली असेल तर औषध लावलंच नाही असं समजा. चट्ट्याच्या बाहेरची दोन बोटं जागाही धरून तिथून आत लावत यायचं, कारण जिवंत बुरशी कडेला असते, मधे नाही. आणि दिसेनासं झालं तरी दोन आठवडे चालू ठेवायचं.

घरात सगळ्यांवर एकाच वेळी उपचार, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. एक जण बरा झाला आणि दुसऱ्याचा चालू राहिला तर महिन्यात पहिल्याला परत. तुमच्याकडं माणशी वेगळा टॉवेल आहे का? अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणारं गाव आपलं, मिस्टर दिवसभर टॉवेल विणतात, आणि घरात पाच माणसं मोरीतल्या दोरीवरचा एकच पंचा वापरतात हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता हसू पण येत नाही. कारखान्यातून सेकंडचे चार-पाच घेऊन या, वेगवेगळ्या रंगाचे, म्हणजे भांडण नको.

नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, त्यामुळं "सगळे कपडे रोज गरम पाण्यात धुवा" असलं मी सांगणार नाही. आतले कपडे, बनियन, परकर आणि टॉवेल एवढंच रोज, तेही चांगल्या कडक पाण्यात (साठ अंशाच्या आसपास असलं तर बुरशी मरते, थंड पाण्यात साबणानं मरत नाही), बाकीचे जसं पाणी येईल तसे. वाळत घालताना उलटे करून उन्हात, घरात दोरीवर नाही. ऊन तर आपल्याकडं ढीगभर आहे, एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस होतं, त्याचा कधी नव्हे तो उपयोग करून घ्या. शिवणीला आणि कमरपट्टीला इस्त्री फिरवली तर अजून बरं. मिस्टरांनी शेडमधून आल्या आल्या अंघोळ करायची, घामाच्या कपड्यावर चहा, टीव्ही, मग जेवण असं नको, आणि अंग पुसून पूर्ण कोरडं झाल्याशिवाय कपडे घालायचे नाहीत. जीन्स घालत असतील तर दोन महिने ती खुंटीला.

तुमच्या परकराची नाडी जिथं करकचून बांधता बरोबर तिथंच गजकर्ण असणार, रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या आणि गाठ रोज थोडी वर-खाली करा. मुलाला करगोटा आहे का? असेल तर तो काढा. चिडू नका, सासूबाई चिडतील हे माहीत आहे, पण तो काळा दोरा वर्षानुवर्षं ओला राहतो आणि बुरशी त्यात मस्त टिकते, पोटावरचं सगळं बरं करून दोरा तसाच ठेवला की पंधरा दिवसांत परत. कंबर अगदीच मोकळी नको असेल तर चांदीची साखळी घाला, ती तरी घासून धुता येते. मनगटातले गंडे-दोरेही तसेच. मुलाच्या डोक्यात कुठं केस गेलेला गोल चट्टा असेल तर तेही डॉक्टरला दाखवा, डोक्यातल्याला क्रीम चालत नाही, पोटातूनच औषध लागतं.

वांगं खा. लोणचं खा. शेंगाचटणी तर खाच. रक्त खराब-बिराब काही नाही, बुरशी बाहेरून कातडीला लागते, जेवणातून येत नाही. फक्त सासूबाईंची शुगर तपासा, छातीखालच्या घडीत वारंवार होतंय म्हणजे ती वाढलेली असू शकते, आणि शुगर जास्त राहिली तर कुठलंच औषध धड काम करत नाही. कडुलिंबाचं पाणी, डेटॉल टाकून अंघोळ, ती जळजळीत लोशनं, हे सगळं बंद, त्यानं जांघ भाजून आलेले पेशंट मी पट्ट्या लावून पाठवते.

आता ते इंजेक्शन आणि बिनलेबलची डबी. इंजेक्शनमध्ये काय होतं ते मी इथून सांगू शकत नाही, पण "घेतलं की दोन दिवसांत सगळं गायब आणि पंधरा दिवसांनी परत" हा ढंग मला लांब टिकणाऱ्या स्टिरॉइडचा वाटतो. त्यानं शुगर वाढते, बीपी वाढतं, तोंड सुजल्यासारखं होतं. किती झाली ती मोजा, डबी फेकू नका, नवीन डॉक्टरकडं सोबत न्या. बंद केल्यावर कुणाला फार अशक्तपणा, चक्कर, उलट्या असं झालं तर थांबू नका, लगेच दवाखाना. आणि ज्या औषधावर नाव नाही ते औषध कुणीही देवो, घ्यायचं नाही, "आमचा खास फॉर्म्युला आहे" म्हटलं तर अजिबातच नाही.

नणंदेचं तोंड वेगळा विषय आहे पण चोर तोच. चेहऱ्याला स्टिरॉइडची सवय लागते, सोडलं की लाल होतं, आग होते, पुटकुळ्या येतात, उन्हात जाववत नाही, काही मुलींना गालावर लव वाढते. आधी उजळते म्हणून सगळ्या फसतात. तिला सांगा ट्यूब बंद, आणि "त्यापेक्षा सौम्य" म्हणून दुसरी कुठली गोरेपणाची क्रीम पण नको, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, छत्री किंवा स्कार्फ, आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून हळूहळू त्यातून बाहेर काढायचं, काही महिने लागतात. लग्नाचे फोटो आधी असतील तर फोटो फिक्के येतील, येऊ देत. बघायला येणाऱ्यांना गोरी मुलगी हवी म्हणून पोरीनं तोंड जाळून घ्यायचं हे मला दर लग्नसराईला बघावं लागतं आणि दर वेळी डोकं फिरतं.

डॉक्टर ओळखायचा कसा. पाटीवर एमबीबीएसच्या पुढं काय आहे बघा. एमडी किंवा डीएनबी असेल आणि कंसात त्वचारोग, किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असा डिप्लोमा असेल तर तो त्वचेचा शिकलेला डॉक्टर. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "ट्रायकोलॉजिस्ट", "स्किन एक्स्पर्ट" या शब्दांना काही धरबंद नाही, थोड्या दिवसांच्या कोर्सवर पण लावता येतात. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर असायलाच हवा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो, मुलाला सांगा, दोन मिनिटांचं काम. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडं असते, ते त्यांच्या शास्त्राचे डॉक्टर आहेत, पण त्यांच्याकडून क्लोबेटासोलची चिठ्ठी मिळाली तर दोनदा विचार करा. पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि सकाळी लवकर जा, गर्दी असते, तिथं शिकणारी मुलं बघतात म्हणून नाक मुरडू नका, खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतील तर तीच बघतील.

पण माझी स्वतःची खूण डिग्रीपेक्षा वेगळी आहे. जो खुर्चीतून न उठता कपड्यावरून बघून ट्यूब लिहितो त्याच्याकडं परत जाऊ नका, आणि जो खिडकीजवळ नेऊन, बाह्या वर करायला लावून, तुम्ही न दाखवलेली जागा पण बघतो त्याला सोडू नका. कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती सासऱ्यांच्या त्या एका ओळीची.

खाजत नाही म्हणून काही नाही, असं नसतं ताई. दंडावरचा फिकट चट्टा साधं शिबं असू शकतं, कोडाची सुरुवात असू शकते, उन्हानं झालेलं असू शकतं, बरंच काही. पण आधी एक गोष्ट वगळावी लागते. कापसाची वात पीळ देऊन टोकदार करा, सासऱ्यांना डोळे मिटायला सांगा, आणि आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर हलकेच टेकवा, जिथं लागलं तिथं त्यांनी बोट ठेवायचं. चट्ट्यावर टेकवलेलं त्यांना कळलंच नाही, किंवा बोट भलतीकडं गेलं, किंवा तिथला घाम आणि केस कमी झालेले दिसले, तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. वात कळली म्हणून घरीच निकाल लावू नका, दाखवायचं तर आहेच, आणि टाचणी टोचून बघू नका, जखम होईल.

शब्द ऐकून घाबरून त्यांचं ताट-वाटी वेगळी काढू नका, आधी तर निदानच झालेलं नाही. झालं तरी एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कमी प्रमाणात असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याचा धोका जवळजवळ संपतो. निदान झालं तर घरातल्या बाकीच्यांची तपासणी होते आणि बऱ्याच जणांना खबरदारी म्हणून रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. एमडीटीनं लघवी लालसर होते, तेवढ्यानं गोळी बंद करू नका, ती त्या औषधाचीच रंगत असते. उशीर केला की मज्जातंतू जातात, बोटं वाकडी होतात, तळव्याला जखम झालेली कळत नाही, आणि ते परत आणता येत नाही.

त्यामुळं गजकर्णासाठी सगळ्यांना घेऊन सोमवारी जाल तेव्हा सासऱ्यांनाही न्या, आणि आधी त्यांचा नंबर लावा. त्यांना ट्यूब लावायला सांगितली नाही हे चांगलंच केलंत, त्या चट्ट्यावर आता काहीही लावू नका, डॉक्टरला जसा आहे तसा दिसू दे. काय निघालं ते कळवा, आणि सगळ्यांच्या गोळ्यांची पिशवी विसरू नका.